चारशे मीटर चालता आलं म्हणजे झालं का? ‘लाइफ’ ट्रायल वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे: “तुमच्या विषयातला एक महत्त्वाचा पेपर सांगा आणि त्याची चिकित्सा करा.” बहुतेक जण इथे दोन ठरलेली वाक्यं टाकतात. सॅम्पल लहान होतं आणि फॉलोअप कमी काळाचा होता. कुठल्याही पेपरला ही वाक्यं चिकटतात, म्हणून तर समोर बसलेल्यांना त्यांचा कंटाळा आलेला असतो. आज मुद्दाम असा पेपर घेऊ, जिथे ही दोन्ही वाक्यं उपयोगी पडणार नाहीत.

पेपर आहे २०१४ चा, ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातला. पहिले लेखक मार्को पाहोर. अभ्यासाचं नाव ‘लाइफस्टाइल इंटरव्हेन्शन्स अँड इंडिपेंडन्स फॉर एल्डर्स’, आद्याक्षरं जोडून ‘लाइफ’. प्रश्न साधा: वयस्कर माणसांना शिस्तशीर व्यायाम दिला, तर त्यांची चालण्याची क्षमता टिकते का? हा प्रश्न सोपा वाटतो, कारण उत्तर आपण आधीच गृहीत धरलेलं असतं. व्यायाम चांगला, यात काय विचारायचं! पण निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत नेहमीची अडचण असते. जे चालतात ते तब्येतीने बरे असतात, की जे तब्येतीने बरे असतात तेच चालतात? हा गुंता सोडवायला रँडमायझेशन लागतं, आणि सत्तरी-ऐंशीतल्या माणसांवर इतकी मोठी, इतकी लांब व्यायामाची ट्रायल ‘लाइफ’च्या आधी झालेली नव्हती. ४२४ जणांवरची एक प्राथमिक फेरी मात्र याच गटाने आधी करून पाहिली होती.

अमेरिकेतली ८ केंद्रं. ७० ते ८९ वयाचे १,६३५ जण. सगळे बैठ्या जीवनशैलीचे, आणि सगळ्यांची शारीरिक कामगिरी थोडी घसरलेली. ही घसरण मोजायला त्यांनी एसपीपीबी नावाची चाचणी वापरली. तिचे तीन भाग असतात: पाय वेगवेगळ्या पद्धतीने जवळ ठेवून तोल सांभाळणं, छोटं अंतर नेहमीच्या चालीने चालणं, आणि हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठणं-बसणं. प्रत्येक भागाला ४ गुण, एकूण १२. ‘लाइफ’मध्ये ९ किंवा त्याहून कमी गुणांचेच लोक घेतले, पण अट अशी की सुरुवातीला ४०० मीटर चालता आलं पाहिजे. म्हणजे धडधाकटही नाहीत आणि अंथरुणाला खिळलेलेही नाहीत. पाय डगमगायला लागलेत, अजून थांबलेले नाहीत, अशी माणसं. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. ठणठणीत लोक घेतले असते, तर अडीच वर्षांत कुणाचंच फारसं बिघडलं नसतं आणि फरक दिसला नसता.

८१८ जणांना व्यायाम: आठवड्यातून दोनदा केंद्रावर येऊन, आणि ३-४ वेळा घरी. मुख्य भर चालण्यावर, आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट, जोडीला पायांची ताकद, तोल आणि लवचिकता. उरलेल्या ८१७ जणांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग, आणि त्यात हातांचे थोडे ताण देण्याचे व्यायाम. सरासरी २.६ वर्षं पाठपुरावा. मोजणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं.

आता निकाल. चालण्याची मोठी अक्षमता, म्हणजे ४०० मीटर चालता न येणं, व्यायाम गटात २४६ जणांना आली (३०.१ टक्के) आणि शिक्षण गटात २९० जणांना (३५.५ टक्के). हॅझार्ड रेशो ०.८२, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६९ ते ०.९८, पी व्हॅल्यू ०.०३.

इथे थांबा आणि वही काढा. बातम्यांमध्ये हा निकाल “धोका १८ टक्क्यांनी घटला” असा येतो. तेही खरंच आहे. पण ३५.५ मधून ३०.१ वजा केले की उरतात ५.४. म्हणजे शंभर जणांनी अडीच वर्षं हा सगळा कार्यक्रम केला, तर साधारण पाच जणांची चाल वाचली. एका माणसाचा फायदा व्हायला सुमारे १९ जणांना व्यायाम करायला लागला. मला हा आकडा निराशाजनक वाटत नाही. रोजच्या वापरातली कित्येक औषधं याहून वाईट आकड्यांवर चालतात. पण १८ टक्के ऐकल्यावर मनात जे चित्र उभं राहतं ते पाच जणांचं नसतं. आणि इंटरव्हलचं वरचं टोक बघा, ०.९८. खरा फायदा जवळजवळ शून्य असण्याची शक्यताही आकडेवारीने पुरती बाहेर काढलेली नाही.

एक आकडा मला मुख्य निकालाहून जास्त रंजक वाटतो. लागोपाठ दोन तपासण्यांत चालता आलं नाही, किंवा एकदा चालता आलं नाही आणि नंतर मृत्यू झाला, तर त्याला त्यांनी ‘टिकून राहिलेली अक्षमता’ म्हटलंय. ती व्यायाम गटात १२० जणांना, दुसऱ्या गटात १६२ जणांना. हॅझार्ड रेशो ०.७२. आता २४६ आणि १२० शेजारी ठेवा. एकदा थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची अक्षमता टिकून राहिल्याची नोंद नाही. त्यातल्या काहींची पुढची तपासणी व्हायच्या आत अभ्यास संपला असणार, तेवढी सूट देऊ. तरी बरेच जण पुन्हा चालायला लागले असले पाहिजेत. म्हातारपणातली घसरण एकाच दिशेने होते ही आपली समजूत इथे डळमळते. आजारपणानंतर माणूस बसला की “आता काही उठत नाही” असं घरातले किती पटकन ठरवून टाकतात, ते आठवून बघा.

इथवर पेपरचं कौतुक झालं. आता अडचणी.

पहिली अडचण मोजपट्टीची. २० मीटरच्या पट्ट्यावर ये-जा करत १० फेऱ्या, १५ मिनिटांच्या आत. मध्ये थोडा वेळ उभं राहून दम खाल्ला तर चालेल, बसायचं नाही, दुसऱ्या माणसाचा आधार नाही, वॉकर नाही; काठी चालते. १५ मिनिटांत ४०० मीटर म्हणजे सेकंदाला ०.४४ मीटर, ताशी जेमतेम १.६ किलोमीटर. याहून हळू चालणाऱ्याला त्या चालीचा रोजच्या व्यवहारात फारसा उपयोग नाही, असा त्यामागचा विचार. मोजपट्टी म्हणून ही उत्तम आहे. “तुम्हाला चालायला त्रास होतो का?” असं विचारलं की उत्तर मूडवर, भिडेवर, विचारणारा कोण आहे यावर बदलतं. ४०० मीटर एकतर होतात, नाहीतर होत नाहीत.

पण अभ्यासाच्या नावात शब्द आहे ‘इंडिपेंडन्स’. पेपरचं शीर्षक प्रामाणिक आहे, त्यात फक्त ‘चालण्याची मोठी अक्षमता टाळणं’ असंच म्हटलंय. मोठा दावा आद्याक्षरांत लपलाय, आणि पुढे लोक उद्धृत करतात ते आद्याक्षरांनाच. वाचणाऱ्याच्या डोक्यात शिरतं ते असं, की व्यायामाने परावलंबन टळतं.

परावलंबन म्हणजे काय? सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये याच ‘जामा’त त्याची एक यादी दिली होती: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठून हलणं, लघवी-शौचावर ताबा, जेवणं. आपल्याकडची म्हातारी माणसं ही यादी एका वाक्यात सांगतात, “कुणाला माझं करायला लागू नये.” ‘करायला लागणं’ या शब्दांत कॅट्झची अख्खी सूची येते, आणि तिच्यात ४०० मीटर कुठेच नाहीत. चालता येणाऱ्या कित्येक आजींना मोरीतून उठताना हात द्यावा लागतो. उलट दोन गल्ल्यांपलीकडे न जाऊ शकणारे आजोबा घरात स्वतःचं सगळं स्वतः करतात. चालणं आणि स्वावलंबन यांचा जवळचा संबंध आहे, हे आधीच्या अभ्यासांनी दाखवलंय. एसपीपीबीचे कर्ते आणि ‘लाइफ’चे एक लेखक जॅक गुरालनिक यांनीच १९९५ मध्ये दाखवलं होतं की पायांची कामगिरी कमी असलेल्यांना पुढे अक्षमता जास्त येते. पण अ वरून ब चं भाकीत करता येतं, एवढ्यावरून अ सुधारला की ब सुधारेलच असं निघत नाही. सिनॉप्सिस लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य भिंतीवर चिकटवावं.

आणखी एक बारीक खोच. या व्यायामाचा मुख्य भाग चालणं, आणि परीक्षाही चालण्याचीच. जे शिकवलं तेच पेपरात आलं. मोजणारे अंध असले तरी चालणारे अंध नसतात. दोन वर्षं केंद्रावर येऊन चालण्याचा सराव केलेला माणूस दहाव्या फेरीला हट्टाने पाऊल टाकणार, शिक्षण गटातला कदाचित “राहू दे” म्हणणार. याने निकाल खोटा ठरत नाही. पण फायद्यातला किती भाग स्नायूंचा आणि किती हिंमतीचा, हे या मोजपट्टीने वेगळं करता येत नाही. (तसं पाहिलं तर हिंमत टिकणं हाही फायदाच. पण मग तो स्नायूंच्या खात्यावर मांडू नये.)

दुसरी अडचण मला जास्त खटकते, आणि बहुतेक वाचक तिच्यावरून पटकन पुढे सरकतात. गंभीर प्रतिकूल घटना, ज्यात मोठा भाग रुग्णालयात दाखल व्हायला लागण्याचा असतो, त्या व्यायाम गटात ४०४ जणांना झाल्या (४९.४ टक्के) आणि शिक्षण गटात ३७३ जणांना (४५.७ टक्के). रिस्क रेशो १.०८, इंटरव्हल ०.९८ ते १.२०. फरक सिग्निफिकंट नाही. लेखकांचं संभाव्य स्पष्टीकरण असं: व्यायाम गटातले लोक केंद्रावर वारंवार यायचे, त्यांच्याकडे कुणाचं तरी लक्ष असायचं, त्यामुळे त्यांच्या तक्रारी जास्त उघड झाल्या. स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. शिक्षण गट पहिले २६ आठवडे आठवड्याला एकदा आणि पुढे महिन्याला भेटत होता, व्यायाम गट कायम आठवड्याला दोनदा. प्रश्न एवढाच की हे तपासलेलं आहे की फक्त सुचवलेलं. सुचवलेलं आहे.

आता २०२२ मध्ये या. युरोपातली ‘स्प्रिंट’ ही ट्रायल ‘बीएमजे’त आली. ११ देशांतली १६ केंद्रं, ७० च्या पुढचे १,५१९ जण, स्नायूंचं वस्तुमान कमी असलेले. ‘लाइफ’च्याच धर्तीवरचा व्यायाम आणि वर आहाराचा सल्ला. मोजपट्टीही तीच, ४०० मीटर. मुख्य गट एसपीपीबी ३ ते ७ वाल्यांचा होता. तिथे अक्षमता ४६.८ विरुद्ध ५२.७ टक्के, हॅझार्ड रेशो ०.७८, इंटरव्हल ०.६७ ते ०.९२. म्हणजे ‘लाइफ’चा मुख्य निकाल दुसऱ्या खंडात, दुसऱ्या हातांनी पुन्हा मिळाला. संशोधनात याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

पण गंभीर घटनांची ओळ वाचा. ३९.२ विरुद्ध ३६.० टक्के. रिस्क रेशो १.०९, इंटरव्हल ०.९४ ते १.२६. पुन्हा सिग्निफिकंट नाही, पुन्हा त्याच दिशेला, आणि आकडाही जवळपास तोच. दोन वेगळ्या पेपरांत दोनदा “फरक नाही” असं वाचून आपण दोनदा पुढे जातो. दोन्ही एकत्र ठेवले तर? वहीच्या मागच्या पानावर हे गणित दहा मिनिटांत होतं: दोन्ही रेशोंचे लॉग घ्या, इंटरव्हलच्या रुंदीवरून स्टँडर्ड एरर काढा, जितका एरर लहान तितकं वजन जास्त देऊन सरासरी घ्या. माझं उत्तर १.०८ आलं, इंटरव्हल साधारण १.०० ते १.१८. खालची कड १ ला टेकलेली आहे.

याचा अर्थ व्यायामाने म्हातारी माणसं रुग्णालयात जातात असा घेऊ नका. दोन ट्रायल म्हणजे मेटा-ॲनालिसिस नव्हे, दोन्हींत घटना नोंदवायची रीत सारखीच होती का हे वेगळं तपासावं लागेल, आणि संपर्काच्या वारंवारतेतला फरक ‘स्प्रिंट’मध्येही होताच. पण “सिग्निफिकंट नाही” याचं भाषांतर आपण मनातल्या मनात “फरक नाही” असं करतो, ते इथे चालणार नाही. ‘लाइफ’मध्ये फायद्याच्या बाजूला ५.४ टक्के गुण आहेत आणि या बाजूला ३.७. दोन्ही एकाच तागडीत टाकण्यासारखे नाहीत हे मान्य. एखाद्या ८० वर्षांच्या माणसाला कार्यक्रमात ये म्हणताना मात्र पहिला आकडा सांगायचा आणि दुसरा गिळायचा, हे मला पटत नाही. उपाय फार अवघडही नाही. दोन्ही गटांना सारख्याच वेळा भेटणारा, सारखीच विचारपूस करणारा कंट्रोल ग्रुप ठेवायचा. पैसे जास्त लागतील, पण प्रश्न सुटेल.

‘स्प्रिंट’मधली आणखी एक ओळ इथेच नोंदवते. एसपीपीबी ८ किंवा ९ असलेले ३१४ जण वेगळे पाहिले, तर हॅझार्ड रेशो १.२५ आला, इंटरव्हल ०.७९ ते १.९५. इंटरव्हल इतका रुंद आहे की त्यातून निष्कर्ष निघत नाही, पण ‘ज्यांचं थोडंसंच घसरलंय त्यांनाही हाच कार्यक्रम द्या’ असं म्हणायला आधारही निघत नाही.

बाकीचं भराभर सांगते. ‘लाइफ’च्याच लोकांवर पुढे आलेल्या पेपरांत आकलनशक्तीवर फरक दिसला नाही (२०१५), पडून झालेल्या गंभीर दुखापतींवरही नाही (२०१६). हे नकारात्मक निकाल चांगल्या नियतकालिकांत छापून आणले याबद्दल त्या गटाला पूर्ण गुण. सहभागींच्या निवडीबद्दल: १४,८३१ जणांची छाननी करून १,६३५ घेतले, म्हणजे नवांत एक. इतक्या चाळणीतून उरलेली माणसं आपल्या शेजारच्या काकांसारखी असतीलच असं नाही.

मोजपट्टीच्या मुद्द्याकडे परत येते, कारण तिथे दुसरी वाट असल्याचं दाखवणारा एक पेपर आहे. बाल्टिमोरमध्ये सारा झँटन यांच्या गटाने कमी उत्पन्नाच्या ३०० वृद्धांवर ‘केपेबल’ नावाची ट्रायल केली, तिचा पेपर २०१९ मध्ये आला. त्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि नर्स घरी जायच्या, आणि त्यांच्याबरोबर घरातली किरकोळ दुरुस्ती करणारा कारागीर. तुम्हाला काय अवघड जातंय हे त्या माणसालाच विचारायचं, मग कठडा बसवायचा, न्हाणीत धरायला दांडा लावायचा, सैल पायरी पक्की करायची. पाच महिन्यांनी रोजच्या कामांतली अक्षमता कंट्रोल ग्रुपच्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या वार्धक्य अहवालातही हीच मांडणी आहे: माणसाची अंगभूत क्षमता एक, आणि ती आजूबाजूच्या परिस्थितीत वापरता येणं दुसरं. ‘लाइफ’ने पहिलीवर काम केलं, ‘केपेबल’ने बरंचसं दुसरीवर. अर्थात ‘केपेबल’ची मोजपट्टी लोकांच्या सांगण्यावर अवलंबून आहे. घरी येऊन आपुलकीने दांडा बसवून देणाऱ्यांबद्दल माणूस चांगलंच सांगणार. एकाकडे काटेकोर मोजमाप पण भलत्या गोष्टीचं, दुसऱ्याकडे नेमकी गोष्ट पण मऊ मोजमाप. मला विचाराल तर या दोन पेपरांच्या मधल्या जागेत निदान चार थिसिस बसतात.

त्यातला एक आपल्या घरातला आहे. देशभरातल्या वृद्धत्वाचा ‘लासी’ हा मोठा अभ्यास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ च्या पुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती घेतली, चालण्याचा वेग आणि हाताची पकड प्रत्यक्ष मोजली, अंघोळ-कपडे-शौचालय असे प्रश्नही विचारले. म्हणजे कॅट्झची यादी आणि पायांची चाचणी एकाच माणसावर, एकाच डेटात. पण एसपीपीबी खुर्चीवरून उठायला सांगते. जमिनीवर मांडी घालून जेवणारा, देशी शौचालय वापरणारा, खाली बसून भाजी निवडणारा माणूस ज्या क्षमतेच्या जोरावर ‘आपलं आपण’ करतो, ती खुर्चीच्या उंचीच्या बरीच खाली असते. जमिनीवर बसून पुन्हा उठण्याची गुण देऊन घेतलेली चाचणी ब्राझीलमधल्या संशोधकांनी वापरलेली आहे. ४०० मीटर आरामात चालणाऱ्या पण जमिनीवरून एकटं उठू न शकणाऱ्या माणसाला आपण कुठल्या रकान्यात टाकणार?

‘बीएमजे’मधला ‘स्प्रिंट’चा पेपर सगळ्यांना मोफत वाचता येतो. आधी सारांश न वाचता थेट निकालांच्या तक्त्यांवर जा आणि टिकून राहिलेल्या अक्षमतेची ओळ शोधा: हॅझार्ड रेशो ०.७९, इंटरव्हल ०.६२ ते १.०१, पी व्हॅल्यू ०.०६. मग तुमच्या भाषेत दोन वाक्यांत लिहा, हा निकाल ‘लाइफ’च्या ०.७२ शी जुळतो की नाही. कमेंटमध्ये टाका, पुढच्या पोस्टमध्ये त्यावरच बोलू.